गेणबाच्या पहारीचं पाणी

गेणबा लोहाराला मी चोर ठरवलं. तोंडानं नाही, आकड्यानं. तोंडानं ठरवलं असतं तर निदान त्याला माझ्याशी भांडता तरी आलं असतं. ही हकिगत एकोणसाठ सालची. ती कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली, यावरून माझ्या हिमतीचा अंदाज ज्याचा त्यानं बांधावा.

तेव्हा पौडच्या वरच्या अंगाला डोंगर फोडून पाण्यासाठी एक बोगदा खणायचं काम चाललं होतं. मी पौडचाच, मॅट्रिक पास, अठ्ठावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. कामावर पत्र्याच्या एका खोलीला 'प्रयोगशाळा' अशी पाटी लावली होती आणि तिथं मी मदतनीस होतो. खोलीत एक टेबल, एक काचेच्या पेटीतला तराजू, एक यंत्र आणि मी. त्या पाटीमुळे मला वाटायचं की आपण शास्त्रज्ञच झालो.

गेणबा मूळचा जवळच्याच चांदे गावचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळकुडा, मनगटं मात्र बाभळीच्या बुंध्यासारखी. गावचं लोहारकाम भावावर सोपवून त्यानं बोगद्याच्या तोंडाशी भाता मांडला होता. बायको सारजाबाई भाता ओढायची. सुरुंगाची भोकं पाडायच्या पहारी दिवसभर त्यांच्याकडे येत. बोथट झालेलं टोक तापवायचं, घणानं ठोकून टोकदार करायचं आणि मग पाणी द्यायचं. या पाणी देण्यावरच सगळं असतं. कमी पडलं तर टोक दबतं, जास्त झालं तर टवका उडतो. तापलेलं टोक थोडं विझवलं की त्यावर रंग चढत येतो. तो पिकल्या गव्हाच्या रंगावर आला की त्याच क्षणी गेणबा ते पाण्यात घालायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. एकदा खुद्द मोठे साहेब काही विचारायला गेले, तर यानं त्यांच्याकडे न बघता नुसता पंजा वर केला. साहेब तसेच उभे राहिले. ते साहेब विसरले असतील असं मला वाटत नाही.

माझं जेवण बऱ्याचदा त्यांच्याच पालावर व्हायचं. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. सारजामामीच्या हातची नाचणीची भाकरी आणि वर कांद्याची चटणी खाऊन मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी काय केलं ते वाचताना हे ध्यानात असलेलं बरं.

तर त्या साली बोगदा शंभर-सव्वाशे हात आत गेला आणि पहारी खाऊ लागला. सकाळी टोक काढून दिलेली पहार हातभर भोक पाडते न पाडते तोच बोथट होऊन परत यायची. भांडारातलं पोलाद संपत चाललं. पुण्याहून तगादे येऊ लागले. साहेब पुण्याचे, हुशार, पण तापट. त्यांनी मला हुकूम केला, "वाल्मीक, दगड लोखंडाला किती झिजवतो ते मोजा. मला अंदाज नकोत, आकडा हवा."

मोजायची रीत सोपी होती. बोअर मारून आतून काढलेला दगडाचा गोल तुकडा यंत्राच्या फिरत्या चकतीवर बसवायचा. त्यावर पोलादाची एक सुई, वर दहा किलोचं वजन. शंभर फेरे मारायचे. सुईचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यातला फरक म्हणजे दगडानं खाल्लेलं पोलाद. मी शंभर फेरे मारले, सुई तोलली. नऊ मिलिग्रॅम. सोबतच्या तक्त्यात पंधराच्या आतला दगड 'मवाळ' म्हणून लिहिला होता.

साहेबांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा घट्ट झाला. "दगड मवाळ आहे. मग पोलाद जातं कुठे?" याचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. लोहार चांगलं पोलाद बाहेर काढतो आणि भंगाराची टोकं जोडतो, नाहीतर पाणी कच्चं देतो. बहुतेक दोन्ही. तो शुक्रवार होता. सोमवारी पौडहून फौजदार येईल आणि लोहाराला घेऊन जाईल असं ठरलं. निरोप द्यायला मलाच पाठवलं.

मी खाली मान घालून सांगितलं. सारजामामीचा भात्यावरचा हात थांबला. गेणबानं हातातली सांडशी हळूच खाली ठेवली.

"चोर म्हणला त्ये ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्येचं तोंड हाय, म्हणंल. पर माजं पाणी कच्चं म्हणला?"

"मामा, आकडा तसाच आलाय."

"आकडा कुणी काडला?"

"मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा शिव्या घालणार. त्यानं एवढंच विचारलं, "त्यो दगूड मला दावशीला का?"

शनिवारी दुपारी तो आला. वहाणा बाहेर काढून, देवळात यावं तसा आत आला. माझा दगड अजून चकतीवरच होता. गेणबानं त्यावर अंगठा फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"वाल्मीकराव, ह्येला त्याल हाय."

मला ते माहीत होतं. म्हणजे माहीत असूनही मी ते मनात येऊ दिलं नव्हतं.

प्रयोगशाळेची झाडलोट कोंडाबाई करायची. वरच्या वाडीवरची, तिशीतली. तिचा नवरा धाकलू कार्तिकात बोगद्यात छत कोसळून गेला. साहेबांनी तिला हे झाडायचं काम दिलं, हा त्यांचा चांगुलपणा मी नाकारत नाही. बोअरमधून निघालेले काळे, गोल, हातभर उंचीचे दगड मी ओसरीवर ओळीनं उभे करून ठेवायचो. माझ्या लेखी ते नमुने. कोंडाबाईच्या लेखी जिथं धाकलू गेला तिथून, डोंगराच्या पोटातून वर आलेले देव. दर शनिवारी ती त्यांना शेंदूर आणि तेल लावायची. डोंगर कोपलाय, त्याची समजूत काढायला हवी, असं तिचं म्हणणं. नमुन्याला जो हात लावील त्याला त्याच दिवशी कामावरून काढीन, असा साहेबांचा हुकूम होता. म्हणून ती साहेब नसताना लावायची आणि मी न बघितल्यासारखं करायचो.

यंत्रावर चढवण्याआधी मी तो दगड पुसला होता. कोरड्या फडक्यानं. शेंदूर निघाला, पण या आमच्या काळ्या फत्तराला बारीक बारीक भोकं असतात, त्यात तेल मुरून बसलं. रॉकेलची बाटली माझ्या हाताशी होती. तरीही शेंदूर लागलेल्या दगडाला रॉकेलनं घासायला माझा हात धजला नाही. उगाच का, म्हटलं. रॉकेल लावायची भीती वाटली आणि तोच देव दहा किलो वजनाखाली शंभर वेळा रगडायला काही वाटलं नाही! असलं आमचं शहाणपण. धड भाविक नाही, धड शास्त्रज्ञ नाही.

"त्याल लावलं की समदंच ग्वाड बोलतं," गेणबा म्हणाला. "पाव्हण्यासारकं. तितं आत आमच्या पहारीला कोन त्याल लावतंय? हे धुवा आन् पुन्यांदा मोजा."

"मोजतो. पण साहेब म्हणतील, दगड ठीक, पण पहारीचं पोलाद खोटं."

गेणबानं थोडा विचार केला. मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या बोथट पहारीच्या टोकाची सुई करतो, म्हणाला. ती एक आणि यंत्रासोबत आलेली साहेबाची एक. दोन्ही तेलकट दगडावर फिरवा, दोन्ही धुतलेल्या दगडावर फिरवा. माझं पाणी कच्चं असेल तर माझी सुई जास्त झिजेल. मग मी स्वतः चालत पौडला जातो.

रविवारी सकाळपासून तो ओल्या दगडावर ते टोक घासत बसला. तापवून ठोकलं असतं तर घटकाभरात सुई झाली असती, पण तापवलं की दिलेलं पाणी उतरतं. म्हणून गार पाणी ओतत ओतत, तसूतसूनं. दुपार कलली तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली होती. सारजामामी दाराशी बसून राहिली. मी मधल्या वेळात ओसरीवरचा दुसरा एक तेलकट दगड तसाच राखून ठेवला आणि माझा पहिला दगड रॉकेलनं, मग राखेच्या पाण्यानं घासला, चुलीवर उकळला आणि उन्हात कोरडा केला. या वेळी हात अडला नाही.

आधी तेलकट दगड. साहेबांची सुई नऊ, गेणबाची सुई नऊ. मग धुतलेला. चकती फिरायला लागली तेव्हा आवाजच बदलला. आदल्या वेळी नुसती कुरकुर होती, आता दात खाल्ल्यासारखा करकराट. शंभर फेरे झाले. तराजूत साहेबांची सुई ठेवली आणि पेटीचं दार लावलं. बाहेर वारा होता, पत्रे हलत होते, तराजूचा काटा काही केल्या स्थिर होईना. एकतीस मिलिग्रॅम.

मग गेणबाची सुई. पुन्हा शंभर फेरे. मी ती तराजूत ठेवली तेव्हा गेणबानं भिंतीकडे तोंड केलं. "वाचा," म्हणाला, "मी बगत न्हाई." काटा डुलला, उजवीकडे गेला, परत आला. मला एका क्षणी चाळीस दिसले. मग काटा बसला.

"तीस," मी म्हणालो. "मामा, तीस! साहेबांच्या सुईपेक्षा एक कमी!"

सारजामामीनं पदर तोंडाला लावला. गेणबा वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो रागानं बोलावं तसा बोलला, "सांगत व्हतो. गव्हाळी रंग माजा चुकत न्हाई."

जाताना तो दाराशी थांबला. "येक हाय. कोंडाबाईचं नाव काडायचं न्हाई. तिचा दाना जाईल. तुमी दगूड नीट धुतला न्हाई, येवढंच सांगा. बास झालं."

"सांगतो," मी म्हणालो. आणि तेव्हा मी खरंच सांगणार होतो.

रात्रभरात माझी हिंमत पाझरून गेली. आदल्याच आठवड्यात साहेबांनी एका कारकुनाला नकाशा हरवला म्हणून उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. माझी नेमणूक हंगामी. आणि चूक काही साधी नव्हती, माझ्या आकड्यावर फौजदार बोलावला गेला होता. मग मनाला एक पळवाट सापडली. पहिला आकडा चुकला असं म्हणायचंच कशाला? 'नमुना क्रमांक दोन, बोगद्यात अधिक आतला, एकतीस मिलिग्रॅम' असं लिहिलं की झालं. दगड कडक निघाला हे साहेबांना कळेल, गेणबा सुटेल, कोंडाबाई वाचेल आणि मीही. कोंडाबाईसाठी करतोय असं मी स्वतःला बजावलं. स्वतःला फसवायचं असलं की दुसऱ्याचं नाव पुढं करणं फार सोयीचं असतं. रविवारच्या चारही आकड्यांचा कागद मी घडी करून खिशात घातला आणि गेणबाची सुई टेबलाच्या खणात टाकली.

सोमवारी दहाला जीप आली. फौजदार, एक शिपाई. साहेब टेबलाशी बसले. गेणबा आणि सारजामामी दारात उभे. गेणबानं धुतलेला सदरा घातला होता. तो निर्धास्त दिसत होता आणि त्याचं ते निर्धास्त दिसणं मला बघवेना.

साहेबांनी माझा नवा कागद वाचला. "एकतीस? म्हणजे पुढे दगड बदलला?"

मी तराजूच्या पेटीची काच पुसू लागलो.

"वाल्मीक, मी विचारतोय. पहिला आकडा बरोबर होता ना?"

आता नीट बघा. मी खोटंसुद्धा बोललो नाही. मी म्हणालो, "हो साहेब. त्या नमुन्याचा तो बरोबर होता."

शब्द न् शब्द खरा! त्या दगडाचा, त्या तेलासकट, आकडा नऊच होता. पुन्हा शंभर वेळा मोजला असता तरी नऊच आला असता. फक्त तेल होतं एवढंच मी सांगितलं नाही. आकड्याशेजारी तो कोणत्या अवस्थेत काढला हे लिहिलं नाही, तर खऱ्या आकड्यानंसुद्धा माणूस मारता येतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

गेणबानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, पुढचं वाक्य येतंय. तो थांबला. सारजामामीला राहवलं नाही.

"वाल्मीकभाऊ, बोला की! काल काय मोजलं त्ये सांगा की!"

साहेबांनी मान वर केली. "काय सांगायचंय?"

खिशातला कागद मला मांडीला लागत होता. ओसरीवर कोंडाबाईच्या केरसुणीचा आवाज थांबला होता. गेणबाचा ओठ हलला, पण बोलायचं तर तेल कुठून आलं हे सांगावं लागणार, आणि ते नाव काढायचं नाही असं त्यानंच ठरवलेलं. त्याची सगळी भिस्त माझ्या एका वाक्यावर होती.

"काही नाही साहेब," मी म्हणालो.

सारजामामी माझ्याकडे बघत मागं सरकली, साप दिसावा तशी.

साहेबांनी हिशेब आपल्या परीनं मांडला. यापुढचा दगड कडक आहे, म्हणजे यापुढच्या झिजेचं कारण कळलं. मागचा दगड मवाळ होता, तरी तिथंही पहारी गेल्या. पण ती टोकं आता पुन्हा तापवून ठोकली गेली, पुरावा उरला नाही. "पोलिसात देत नाही," ते गेणबाला म्हणाले. "उपकार समज. उद्या सकाळी भाता उचल." फौजदार चहा पिऊन गेले.

गेणबा सारजामामीला घेऊन भाता आवरायला गेला. ती संध्याकाळ मी त्यांच्या पालाकडं फिरकलो नाही. सकाळी बैलगाडीत ऐरण चढवताना तो लांबून दिसला. त्याच्या जागी घोटावड्याकडचा एक लोहार आला. त्याच्याही पहारी हातभरातच बोथट व्हायच्या, पण त्याला कुणी चोर म्हटलं नाही, कारण आता कागदावर एकतीस होते. ओसरीवरच्या दगडांना मी गोणपाट घातलं. कोंडाबाईला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिनं पुन्हा तेल आणलं नाही आणि माझ्याशी बोलणंही टाकलं.

बोगदा पुरा झाला. माझी नोकरी मात्र कायम झाली. दोन उन्हाळे गेले. नेमणुकीचा कागद हाती आला, आता मला कुणी सहज काढू शकत नव्हतं, तेव्हा मी शूर झालो आणि चांद्याला गेलो. असल्या वेळी शूर होणाऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा.

गेणबा घरापुढच्या छपरात भात्याशी होता. समोर बहिरू नावाचा एक शेतकरी पोत्यावर बसला होता, नांगराचा फाळ करून न्यायला आलेला. सारजामामीनं मला ओळखलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तसाच उभा राहिलो. आमच्या भागात फाळ लोहाराकडे टाकून माणूस आपल्या कामाला जातो, संध्याकाळी येऊन घेऊन जातो. हा बहिरू मात्र हलत नव्हता. ऊन त्याच्या पाठीवर आलं, त्यानं पोतं सरकवून घेतलं आणि परत बसला. डोळे फाळावर. मग मला कळलं, चोरीची बातमी गेणबाच्या गाडीआधीच गावात पोचली होती आणि हा आपल्या फाळाचं पोलाद राखत बसला होता.

"हे नेहमी असे बसतात?" मी हळूच विचारलं.

"समदेच बसत्यात," सारजामामी म्हणाली. भात्याची लय तिनं मोडली नाही. "तुमी बी बसा. दुसरं पोतं हाय."

मला उभं राहवेना. मी बहिरूपुढं गेलो आणि सगळं सांगितलं. तेल, फडकं, नऊ, एकतीस, साहेबांची सुई, गेणबाची सुई. कोंडाबाईचं नाव तेवढं घेतलं नाही. "या माणसानं तसूभर पोलाद खाल्लं नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती आणि मी ती लपवली. गावात सांगा सगळ्यांना."

बहिरूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळत माझ्याकडं बघितलं.

"आसंल," तो म्हणाला. "शिकलेल्या मानसाचं आमाला काय कळतंय? तुमी म्हंता म्हंजी आसंल."

आणि तो तिथंच बसून राहिला.

गेणबानं मान वर केली नाही. टोकावर रंग चढत होता, तो त्याच्याकडेच बघत होता. फाळ पाण्यात गेला, चरचरला, निवला. त्यानं तो पुसून पुढं ठेवला. बहिरू उठला, फाळ दोन्ही हातांत जोखला, माझ्यादेखत, गेणबादेखत, उंबऱ्याच्या दगडावर दोनदा वाजवून आवाज ऐकला आणि मगच खांद्यावर टाकला.